साडेसातची मालिका आणि नाताळचा एक भाग

नाताळ जवळ आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामेभाऊ एकच टेप लावतो. मराठी मालिका शंभर भागांत संपवल्या पाहिजेत, ब्रिटिशांकडे बघा, सहा भागांत आटोपतात. ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून जास्त भाग झाले, हे त्याचं हुकमी उदाहरण. मग साक्ष काढायला मी असतेच, कारण मी ब्रिस्टलला राहते.

साक्ष देते, पण अर्धी नाही.

इथे नाताळच्या आठवड्यात टीव्ही लावला की ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’चा कुठला तरी जुना भाग हमखास सापडतो. लंडनच्या पेकहॅममधले डेल आणि रॉडनी हे ट्रॉटर बंधू. तीनचाकी पिवळी गाडी, चोरबाजारातला माल, आणि ‘पुढच्या वर्षी या वेळेला आपण लक्षाधीश’ हे डेलचं पालुपद. मालिका 1981 साली बीबीसीवर सुरू झाली. 2003पर्यंत सगळे मिळून भाग 64. म्हणजे आपल्याकडे नवी सून घरात रुळेपर्यंत इथे सगळं आटपलेलं. लिहिणारा माणूसही एकच, जॉन सुलिव्हन. या 64मध्ये नाताळचे खास भाग 16. 1991नंतर तर सलग मालिका नाहीच, फक्त नाताळला अधूनमधून पाहुण्यासारखं येणं.

1996च्या नाताळात तीन भाग आले. पहिल्यात बॅटमॅन-रॉबिनच्या वेशात धुक्यातून पळणारे दोघे भाऊ. ते दृश्य आमच्या ब्रिस्टलमध्ये चित्रित झालंय, हे इथे नव्याने आलेल्याला पहिल्या आठवड्यातच ऐकवलं जातं. तिसरा 29 डिसेंबरचा. तो 2 कोटी 43 लाख लोकांनी पाहिला, देशाची लोकसंख्या तेव्हा सहा कोटींच्या आत. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात पडलेलं एक घड्याळ लिलावात 62 लाख पौंडांना जातं आणि ट्रॉटर खरोखरच लक्षाधीश होतात.

मला मात्र आठवते ती त्याच भागातली लिफ्ट. रॉडनीच्या बायकोचा गर्भपात झालेला असतो आणि तो त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. शेवटी डेल लिफ्ट मुद्दाम बंद पाडतो. अडकलेल्या त्या डब्यात धाकटा हळूहळू बोलायला लागतो. सणासुदीचा विनोदी कार्यक्रम, घरोघरी पोटभर जेवून बसलेली माणसं, आणि त्यात हे. आपल्याकडे हाच प्रसंग आला असता तर कुणीतरी दुधात काहीतरी कालवलं असतं आणि तिघींच्या चेहऱ्यांवर तीन-तीनदा वीज कडाडली असती. इथपर्यंत मामेभाऊ जिंकला.

पण पुढचं त्याला माहीत नाही. 1996चा तो भाग शेवटचा म्हणूनच बेतलेला होता. दोघे भाऊ आणि त्यांच्यासोबत राहणारे म्हातारे अंकल अल्बर्ट असे तिघेजण रस्त्याने चालत निघून जातात, संपलं. प्रेक्षकांना ते संपणं मानवलं नाही. 2001च्या नाताळला मालिका परत आणली, आणि त्यासाठी आधी या बिचाऱ्यांचे पैसे बुडवून त्यांना पुन्हा त्याच फ्लॅटमध्ये आणून बसवलं. आणखी दोन नाताळ तसेच काढले. ती जुनी जादू काही आली नाही, असं माझं मत. पाणी घालायचा मोह झी, स्टार किंवा कलर्सचीच मक्तेदारी नाही. फक्त इथे पाणी वर्षातून एकदा घालतात.

आणि वर्षातून एकदा येणारं माणूस कुणाला पुरतं? माझी आई डोंबिवलीत एकटी असते. संध्याकाळी साडेसातला तिच्या घरात जे आवाज होतात ते मालिकेतल्या माणसांचे. मंगळागौर त्यांच्याकडे, पाडव्याला ओवाळणी त्यांच्याकडे. महाएपिसोडच्या दिवशी ती स्वयंपाक दुपारीच उरकून ठेवते. तिला भरकटलेली कथा कळत नाही असं नाही, आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळते. ‘मूर्खपणा चाललाय नुसता,’ म्हणते आणि आवाज वाढवते. तिच्याकडून हे शंभर भागांत काढून घ्या म्हणायला मामेभावाचं काय जातं? आणि मी तरी कुठल्या तोंडाने म्हणू? मी स्वतः तिच्यासाठी नाताळ स्पेशलच आहे, तोही दरवर्षी जमतोच असं नाही.

गेल्या 25 डिसेंबरला इथल्या दुपारी दोनला तिला फोन लावला. इकडे टीव्हीवर डेल बडबडत होता, तिकडे कुणाचं तरी लग्न मोडत होतं.

‘‘थांब गं,’’ आई म्हणाली, ‘‘जाहिरात लागू दे, मग बोलते.’’