नाल कोण घेतो, एवढंच सांगा

आमच्या शनिवारच्या डावात अकरा जण आहेत. तिघांनी सही केली. उरलेल्या आठांनी का केली नाही, ते सांगायला ही पोस्ट. लांबलीय, चहा घेऊन बसा.

सही कशावर? निवेदनावर. पोकर खेळणाऱ्यांचं निवेदन. हसू आलं असेल तर हसून घ्या, माझी बायको दोन दिवस हसत होती.

आपण बेळगावकर. निवेदन कसं द्यायचं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. मराठीतून परिपत्रकं द्या म्हणून निवेदन, रस्त्यासाठी निवेदन, पाण्यासाठी निवेदन. जिल्हाधिकारी कचेरीच्या पायरीवर उभं राहून फोटो काढला नाही असा माणूस आमच्या गल्लीत सापडायचा नाही. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात आलं की त्या इमारतीजवळच्या, म्हणजे सुवर्णसौधजवळच्या माळावर तंबूच तंबू. पलीकडे निपाणीत १९८१ साली तंबाखूवाले शेतकरी हायवे अडवून बसले होते, ते ऐकतच माझी पिढी मोठी झाली. आणि एवढं सगळं अंगात मुरलेलं असताना पत्ते खेळणाऱ्यांसाठी एक कागद द्यायचा म्हटलं, तर अकरातले आठ जण पेन खाली ठेवतात.

एक जण शिक्षक, त्याचं ठीक आहे. एकाच्या मुलीला स्थळं बघतायत. एकाच्या घरी अजून ‘भजनाला जातो’ असंच माहीत आहे (वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर नाव विचारू नका). खरा धक्का दिला तो आमच्यातल्या सगळ्यात धीट माणसाने. १ नोव्हेंबरला, सीमाभागातल्या काळ्या दिनाला, काळी फीत बांधून फेरीत पुढे असतो, दोन केसेस झेलल्यात. तो म्हणाला, “त्या केसमुळं घरात मान हाय रे. ह्या कागदापायी बायको दार उघडणार न्हाई.”

त्याला भित्रा म्हणवत नाही, कारण मी स्वतः काही वर्षांपूर्वी काय केलं ते मला ठाऊक आहे. दिवाळीचे दिवस, गावाबाहेर मित्राच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये डाव. दोनशे-दोनशे रुपयांचे. मी चहा आणायला म्हणून किटली घेऊन बाहेर पडलो आणि जीप आली. मी बांधाआड किटली धरून बसलो. मोबाईल नेले, मोटारसायकली नेल्या, आणि तिसऱ्या दिवशी पेपरात सात जणांची नावं, वडिलांच्या नावासकट. त्यात एक गणपती मंडळाचा खजिनदार होता. पुढच्या वर्षी त्याला कुणी पावतीपुस्तक दिलं नाही. दंड भरून केस मिटली, पावतीपुस्तक काही परत आलं नाही. माझं नाव कुठेच नव्हतं. मी त्या सातांपैकी कुणाच्या घरी आठवडाभर फिरकलो नाही.

गंमत बघा. ह्याच मंडळाच्या मांडवात गणपतीला राखण करायची म्हणून रात्रभर पत्ते चालतात. मेंढीकोट, रमी, आणि दोन वाजल्यानंतर तीन पत्ती. त्याला आपण जागर म्हणतो.

आता कायदा, थोडक्यात. माझ्या आजोबांच्या बेळगावाला मुंबई राज्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा होता. वडिलांना कर्नाटक पोलीस कायदा १९६३. मला त्याच्यावर दिल्लीचा २०२५ चा. गल्ली तीच, घर तेच, पत्ते ५२ च. १९६३ च्या कायद्यात कलम ७९ आणि ८० जुगाराच्या अड्ड्याबद्दल आहेत, ८७ उघड्यावरच्या जुगाराबद्दल. पण पुढे कलम १७६ आहे, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला अड्ड्याच्या कलमांतून सूट दिलेली आहे. ते शेडमध्ये आलेल्या कुणी वाचलं होतं असं मला वाटत नाही. आम्हीही वाचलं नव्हतं म्हणा.

पोकर कौशल्याचा की नशिबाचा, ह्यावर उच्च न्यायालयांचंच एकमत नाही. २०१३ मध्ये इंडियन पोकर असोसिएशनच्या याचिकेवर आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाने खेळणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकर म्हणजे जुगार असं सांगितलं. मी लेथवर काम करणारा माणूस, माझं मत मोजमापाचं आहे. प्रत्येकाला दोन पानं, मध्ये पाच उघडी. हातात एक्क्यांची जोडी येणार २२१ वेळात एकदा. ते नशीब, कबूल. पण बाकीच्या दोनशे वीस वेळा काय करायचं, कधी पानं टाकून गप्प बसायचं, समोरचा खोटं बोलतोय हे त्याच्या चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) लावण्याच्या घाईवरून कसं ओळखायचं, ते नशीब नव्हे. आमच्या टेबलावर वर्षाच्या शेवटी वहीत तीच दोन-तीन नावं वर असतात. मी त्यात नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मग २०२१. कर्नाटक सरकारने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, कौशल्याच्यासुद्धा. ५ ऑक्टोबरला लागू झाली आणि १४ फेब्रुवारी २०२२ ला उच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमं रद्द केली. आम्ही त्या शनिवारी कुंदा वाटला. आणि मग २०२५ चा ऑगस्ट. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. कौशल्य असो वा नशीब, पैशाचा ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सत्तर वर्षं सीमाप्रश्न भिजत पडलाय, पण ह्या एका बाबतीत बेळगाव आणि कोल्हापूर तीन दिवसांत मंजूर झालेल्या एका कायद्याखाली आले!

कंपन्या कोर्टात गेल्या, प्रकरणं सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतली. तिथे मोठमोठे वकील आहेत. आणि इथेच माझं डोकं अडकलं. त्या कोर्टात माझ्या बाजूने कोण बोलतंय?

हा प्रश्न घेऊन मी आमच्या गल्लीतल्या तात्यांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, सगळा जन्म महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कामात गेला, निवेदनं लिहून लिहून बोटाला घट्टा पडलाय. मी माझा दोन पानी मसुदा दिला. त्यांनी चष्मा लावला, पहिला परिच्छेद वाचला, कागद मांडीवर ठेवला.

“नाल कोण घेतो तुमच्यात?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून स्वतःचा हिस्सा काढतो, ती नाल. इंग्रजी पोकरवाले तिला रेक म्हणतात. मी म्हटलं, “आमच्यात कोणच घेत न्हाई तात्या. चहा-भजीचा खर्च वाटून घेतो.”

“मग ह्यात कंपन्यांचं रडगाणं कशाला घातलंस? त्या नाल घेतात. त्यांचं निवेदन त्यांना देऊ दे की.”

दोन पानं वाया. पण म्हातारा बरोबर होता. नंतर वाचलं, साठच्या दशकात सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, तेव्हाही हाच धागा होता. क्लब पत्त्यांचे आणि बसायचे पैसे घेतो तेवढ्याने अड्डा होत नाही. पण जागेचा मालक खेळातूनच नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी. तात्यांनी तो निकाल वाचलेला नाही.

खेळणारा आणि नाल घेणारा ह्यांची मोट एकत्र बांधली की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथे २००५ मध्ये पोकर प्लेयर्स अलायन्स नावाची संघटना निघाली. दहा लाखांवर सभासद असल्याचं सांगायची. माजी सिनेटर तिचा अध्यक्ष, सभासद आपापल्या खासदाराला पत्रं पाठवायचे, फोन करायचे, वॉशिंग्टनला जाऊन भेटायचे. २००६ मध्ये ऑनलाइन जुगाराचे पैसे अडवणारा कायदा तिथे बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला शेपूट लावून मंजूर झाला, त्याच्याविरुद्ध ही माणसं वर्षानुवर्षं लढली. मला त्यांचं कौतुक आहे. पण संघटनेला पैशाचं मोठं बळ वेबसाइट कंपन्यांच्या बाजूनेच होतं. १५ एप्रिल २०११ ला तिथल्या सरकारने मोठ्या साइटींवर कारवाई केली आणि त्यातल्या फुल टिल्टकडे खेळाडूंचे ठेवलेले पैसेच जागेवर नाहीत हे उघडं पडलं. अमेरिकेतल्या खेळाडूंना परतफेड सुरू व्हायला २०१४ उजाडलं. पैसे परत मिळावेत म्हणून संघटनेने पाठपुरावा केला, पण आधी त्या तिजोरीत वाकून बघायला हवं होतं.

आता घरातलं. माझ्या चुलतभावाने एका रमीच्या ॲपवर पैसे घालवले. किती ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही, काकूच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या तेव्हा घराला कळलं. रात्री अडीच वाजता त्याच्या मोबाईलवर ‘तुमच्यासाठी खास बोनस’ असा मेसेज येत होता. आमच्या टेबलावर कुणी दोनदा हरला की तिसऱ्यांदा चिप्स मिळत नाहीत, गप्प चहा पी म्हणतात. ॲपला तसं म्हणणारं कोण होतं? बंदी आली तेव्हा काकूने देवापुढे साखर ठेवली. मी तिच्यासमोर स्वातंत्र्यावर भाषण देऊ शकलो नाही, आजही देऊ शकत नाही. भावाकडे सही मागायला मी गेलो नाही, जाणारही नाही.

पण बंदी आली आणि तो सुटला का? त्याचं कर्ज आहे तिथेच आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो शनिवारी दुपारी जांबोटीवरून चोर्ला घाट उतरतो आणि संध्याकाळी मांडवीतल्या बोटीवर बसतो. गोव्याच्या माणसाला कॅसिनोत जायला तिथल्याच कायद्याने मनाई आहे, आम्ही बेळगावकर मात्र चालतो. पाहुणचारच म्हणायचा.

तर तात्यांनी मसुदा कापून अर्ध्या पानावर आणला. म्हणाले, “एका कागदावर लई मागण्या घातल्या की साहेब एक बी वाचत न्हाई.” राहिलं ते असं: नाल न घेता घरात, ओळखीच्या माणसांत चालणाऱ्या डावाला अड्डा समजू नये, आणि कोर्टात गुन्हा शाबित होईपर्यंत कुणाचं नाव पेपरला देऊ नये. बस्स. उद्या ऑनलाइन खेळ परत सुरू झाला तर खेळाडूंचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, हरण्याला रोजची मर्यादा घाला, रात्रीचे बोनस बंद करा, हे मला फार घालायचं होतं. तात्या म्हणाले तो दुसरा कागद, दुसऱ्या साहेबाला. वरिष्ठांशी कोण वाद घालणार.

शेवटी मी विचारलं, भाषा कुठली? आयुष्यभर मराठीतून कागद मिळावा म्हणून भांडलेला माणूस, मिनिटभर गप्प बसला. मग म्हणाला, “दोन्ही कर. कन्नड वर ठेव. पत्त्यासाठी हुतात्मा व्हायला नको.”

तात्यांनी सही केली नाही. पोकर येत नाही म्हणाले. मेंढीकोट असतं तर केली असती.

शेडमधल्या त्या खजिनदाराकडे मी मागच्या रविवारी गेलो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा किटलीची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतलं, कागद दोनदा वाचला, नाव कुठे छापून येणार का विचारलं. मी म्हटलं, जिल्हाधिकाऱ्यांना दिल्यावर येऊ शकतं. “ह्या खेपेला तुझं वर लिव्ह,” म्हणाला आणि खाली सही केली.

म्हणजे टेबलाबाहेरची धरून चार झाल्या. कागद माझ्याकडे चिप्सच्या डब्यात आहे. कुणाला करायची असेल तर शनिवारी सातच्या आत या. सातनंतर पानं वाटली जातात, मग कुणी पेन धरत नाही.