खोडरबराचा चुरा

गेले सात-आठ महिने मी चित्रं काढायला शिकतोय. वय ४६, आणि हात असा जड की सरळ रेघ मारायला गेलो तरी ती वाटेत विचार बदलते. आधी लोक विचारायचे, "आता या वयात कशाला?" हल्ली प्रश्न बदललाय. "अरे, एआय दहा सेकंदांत काढून देतं की!" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मलाच उत्तर सुचायचं नाही, मी आपला हसून वेळ मारून न्यायचो. परवा मात्र एक गंमत झाली. ती सांगायची तर पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

आई दुपारची झोपली होती. उजवा हात उशीवर, तळवा वर. म्हटलं, न हलणारं मॉडेल आयतं मिळालंय, काढूया. बाकीची बोटं कशीबशी जमली, करंगळी काही जमेना. काढली, वाकडी आली, खोडली. पुन्हा काढली, पुन्हा वाकडी. तिसऱ्यांदा खोडल्यावर तिथल्या कागदाला लव सुटली. चिडून पेन्सिल खाली ठेवली आणि नुसतं बघत बसलो. मग लक्षात आलं की हात माझा चुकत नव्हता. करंगळीच वाकडी होती. शेवटच्या पेरापाशी चक्क आत वळलेली. मी डोळ्यांनी बघून वाकडी काढत होतो आणि "बोट असं नसतं" म्हणून डोक्याने खोडत होतो.

या हाताने मला वाढवलं. ४६ वर्षांत ही करंगळी मला दिसली नव्हती.

उठल्यावर तिला विचारलं. "दारात सापडली होती. तू पोटात होतास तेव्हा," ती म्हणाली. "कोण बसतंय दाखवत? राहिली तशीच."

संध्याकाळी हात शिवशिवले म्हणून तिच्या हाताचा फोटो एका ॲपला दिला आणि पेन्सिल स्केच मागितलं. आलं. खोटं कशाला बोलू, सुरेख होतं. सुरकुत्यांची छाया, नखांवरची चमक, मला सात जन्मांत जमणार नाही असं काम. फक्त करंगळी सरळ होती.

त्यात यंत्राचा दोष नाही. ही चित्रं बनतात ती अशी: सुरुवात टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या ठिपक्यांच्या गोंधळापासून होते, आणि टप्प्याटप्प्याने त्यातला गोंधळ काढत काढत चित्र वर येतं. काय काढायचं, काय ठेवायचं हे ते आधी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून शिकलेलं असतं. असंख्य करंगळ्या सरळ, मग हीही सरळ. "वाकडी कर" म्हटलं असतं तर वाकडीही करून दिली असती. पण म्हणायला मला ती आधी दिसायला हवी होती ना! आणि दिसली कधी? तीनदा खोडल्यावर.

चित्रकारांच्या भाषेत एक इटालियन शब्द आहे, 'पेंटिमेंतो'. त्याचं मूळ पश्चात्तापात आहे. चित्रकाराने काढलेलं बदललं, वर रंग चढवला, आणि कालांतराने आधीची रेघ खालून डोकावू लागली, की त्या खुणेला असं म्हणतात. पिकासोचा १९०३-०४ च्या सुमाराचा म्हातारा गिटारवाला बघा. त्याच्या मानेमागे एका बाईचा पुसट चेहरा नुसत्या डोळ्यांनाही जाणवतो. क्ष-किरणांखाली तर तिची आकृती बरीच स्पष्ट दिसली. पश्चात्ताप! काय नेमका शब्द शोधलाय. यंत्राच्या चित्रातही टप्पे असतात, पण पश्चात्ताप नसतो. नाही आवडलं तर दुसरं घ्या, चार पर्याय तयार आहेत.

आता कोणीतरी खाली लिहीलच, की फोटोग्राफी आली तेव्हाही असाच गळा काढला होता. हो, काढला होता. १८३९ मध्ये दागेर या फ्रेंच माणसाचं फोटो काढायचं तंत्र जाहीर झालं आणि १८५९ मध्येसुद्धा बोदलेरसारखा कवी फोटोवर तोंडसुख घेत होता. चित्रकला काही मेली नाही. मान्य. पण हा दाखला देणारे एक गोष्ट हळूच गाळतात. तळहाताएवढी व्यक्तिचित्रं रंगवून पोट भरणाऱ्यांचा धंदा त्यात बसला. कित्येक जण पुढे फोटोंवर रंग चढवायच्या कामाला लागले. कला तगली, पण त्या माणसांचं काय झालं?

शिवाय कॅमेरा शिकण्यासाठी कोणाची चित्रं उचलून घेऊन गेला नव्हता. चित्रं काढणारी ही यंत्रं शिकतात ती अशाच संग्रहांवर. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या लायन-५बी या एकाच संग्रहात इंटरनेटवरून गोळा केलेल्या ५८५ कोटी प्रतिमांच्या लिंका आणि वर्णनं होती. ज्यांची चित्रं त्यात होती, त्यांना आधी कोणी विचारलं नव्हतं. माझी एक मैत्रीण पुस्तकांसाठी चित्रं काढते. हल्ली तिला फोन येतो तो "एआयने काढलंय, जरा हात फिरवून दे" असा. पैसे अर्थातच हात फिरवण्याचे. ती म्हणते, "दुसऱ्याचं खोडायचं काम आहे हे. त्यात माझं काही चुकतच नाही, तर सुचणार काय?"

मी सोवळ्यातला नाही. ऑफिसातल्या सादरीकरणासाठी मीही यंत्राकडून चित्रं घेतो, आणि त्यासाठी दोन तास खपायची माझी अजिबात इच्छा नाही. ज्याचा हात चालत नाही त्याला यामुळे मनातलं चित्र डोळ्यांसमोर आणता येत असेल, तर त्याला नाक मुरडणारा मी कोण? उलट २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने एआयची प्रतिमा सोनीच्या छायाचित्र स्पर्धेत पाठवली, तिला बक्षीस मिळालं आणि त्याने ते घेतलं नाही, कारण त्याला वादच पेटवायचा होता. मला तो खोडकरपणा भारी आवडला. बक्षीस नाकारायचं यंत्राला सुचलं नसतं!

माझं भांडण त्या "दहा सेकंदांत"शी आहे. वेळ वाचला म्हणतात तेव्हा नेमकं काय वाचलं, हे कोणी बघत नाही. माझा त्या दुपारचा सव्वा तास गेला आणि हाती लागली ती एक भिकार रेघ, टेबलावर खोडरबराचा चुरा, आणि माझ्या जन्माआधीची एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती.

दोन्ही चित्रं आईला दाखवली. मोबाइलवरचं तिने चष्मा लावून, लांब धरून पाहिलं. "छान आहे. कोणाचा हात?"

मग माझा कागद घेतला. करंगळीवर बोट ठेवून हसली. "हा माझा. पण हा अंगठा कुठून आणलास?"

अंगठा खरंच भयानक आलाय. तेव्हापासून तीन पानं अंगठेच काढतोय. इतका वेळ तळवा वर करून बसवत नाही म्हणते, म्हणून रोज पाच-पाच मिनिटांचे हप्ते ठरलेत.