वाळूवर गाड्या घालू नका रे!

मे लागला की फॅमिली घेऊन कोकणात यायचं आणि एसयूव्ही थेट किनाऱ्यावर घालायची, गुहागर बघा, हर्णै, आंजर्ले, सगळीकडे तेच, मग चाकं रुतली की गावातला ट्रॅक्टर शोधत फिरायचं. अरे रस्ता संपतो तिथे उतरा ना, चालायला काय होतं? ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या याच वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात शंभरेक, पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस, काही घरटी तर मेपर्यंत असतात. वेळासच्या लोकांनी राखण करून कासवं जगवली आणि तुम्ही रीलसाठी वरून टायर फिरवणार? मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथेही प्रवाळावर उभं राहून फोटो! पोरांना नक्की काय दाखवायला आणता?