‘शीर ती शीर’ म्हणणाऱ्या वाचकास

पावलांवर दिसणाऱ्या शिरांच्या उपचारांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: “उगाच घाबरवता. सोनोग्राफी करायला लावायची ही दुकानदारी आहे. स्टॉकिंगची माहितीही अर्धवट. पोटरीवर चालतं ते पावलावर का नाही? शीर ती शीर. माझ्या बहिणीने पावलावर एकाच दिवशी इंजेक्शनं घेतली, थोडे तपकिरी डाग राहिलेत इतकंच.”

मतभेद असू द्या, पण ‘दुकानदारी’ हा शब्द मला लागला. पावलावर शिरा दिसणाऱ्या बहुतेकांना काहीही करायची गरज नाही, हे त्याच लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. ज्याला दुकान चालवायचं असतं तो असं लिहित नाही. तेवढंही न वाचता आरोप करायचा, ही पद्धत बरी नव्हे.

स्टॉकिंगचं, म्हणजे शिरांवर दाब देणाऱ्या घट्ट मोज्यांचं, मान्य. माप कसं घ्यायचं ते लेखात यायला हवं होतं. सकाळी, पाय सुजायच्या आधी, घोट्याच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक तिथला घेर आणि पोटरीचा सर्वांत जाड घेर, दोन्ही टेपने मोजायचे. संध्याकाळच्या मापाने घेतलेलं स्टॉकिंग सैल पडतं.

आता ‘शीर ती शीर’. हे वाक्य मी सोडून देणार नाही, कारण नेमक्या याच समजुतीने पावलं बिघडतात.

पोटरीवर शिरेखाली चरबीची गादी असते. पावलाच्या वरच्या बाजूला ती जवळजवळ नसतेच. पातळ कातडी, लगेच शीर, शेजारी कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी), मज्जातंतू आणि धमनी, सगळं काही मिलिमीटरांत. अंगठ्याच्या कंडरेच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवा, ठोका लागेल. इंजेक्शनमधलं शीर बंद करणारं औषध शिरेऐवजी बारीक धमनीत गेलं तर कातडी पांढरीफटक पडते, जीवघेणी कळ येते आणि तेवढा भाग काळा पडून मरतो. शिरेबाहेर झिरपलं तरी व्रण होतो. शिवाय माणूस स्थिर उभा असताना घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिमीच्या आसपास असतो, त्यामुळे तिथली जखम भरायला वेळ घेते आणि डागही जास्त राहतात. वर्षानुवर्षं हेच काम करतोय, असे व्रण मी स्वतः धुतले आहेत. घाबरवायची हौस नाही.

दुसरं म्हणजे कुठली शीर बंद करायची. पावलावरची जी जाड, सरळ, हिरवट-निळी कमान दिसते तिच्यापासूनच पायाच्या दोन मोठ्या, कातडीलगतच्या शिरा सुरू होतात. एक आतल्या घोट्याच्या पुढून चढते, दुसरी बाहेरच्या घोट्याच्या मागून. कृश किंवा व्यायाम करणाऱ्या माणसाच्या पावलावर ही कमान ठळक दिसणारच, उन्हाळ्यात आणखी. ती निरोगी असते, पावलाचं रक्त वर नेते. ती नुसती दिसते म्हणून बंद करू नये. आतल्या घोट्यापुढून चढणारी शीर तर उद्या हृदयाच्या बायपासला लागू शकते.

याउलट आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याखाली पंख्यासारखं पसरलेलं निळ्या-लाल बारीक शिरांचं जाळं दिसलं, तर वर पायातल्या शिरांच्या, रक्त उलटं वाहू न देणाऱ्या झडपा गळत असण्याची शक्यता खरी. त्यासाठीच डॉपलर सोनोग्राफी, आणि तीही रुग्णाला उभं करून. वरच्या शिरेत रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं तर आधी तिचा बंदोबस्त, लेसर फायबरने किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने आतून तापवून ती बंद करायची. तसं न करता पावलावर सुया मारणं म्हणजे टाकी गळत असताना भिंतीची ओल पुसणं. जाळं परत येतंच. तुम्हाला दुकानदारी वाटली ती तपासणी हीच.

वरचं सगळं ठीक असेल आणि तरी पावलावरच्या केसासारख्या लाल रेषा खुपत असतील, तर इंजेक्शन जमतं, पण पोटरीच्या मापाने नाही. पोटरीतल्या निळ्या, दोन-तीन मिलिमीटरच्या शिरांना पॉलिडोकॅनॉल (शीर बंद करणारं औषध) अर्धा ते एक टक्का लागतं. पावलावरच्या रेषांना पाव टक्का पुरे. ३० गेजची सुई, एका जागी दोन-तीन थेंब, दाब अगदी हलका. कातडी पांढरी पडली किंवा फुगवटी आली की त्या क्षणी थांबायचं. अशा रेषांत औषधाचा फेस करून भरायचा नाही. पुढची खेप चार ते सहा आठवड्यांनी. जोडवी आणि पैंजण आधी काढून ठेवावीत, कारण वरून कापसाची घडी आणि पट्टी बसते. पट्टी निघाल्यावरही काही दिवस अंगठ्याची चप्पल नको, पट्टा नेमका टोचलेल्या जागी घासतो.

लेसरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येतो. आपल्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर, तोही गारवा देत. ५३२ नॅनोमीटरचा किरण कातडीतलं रंगद्रव्यच शोषून घेतं आणि चट्टा पडतो. बारीक छेद घेऊन हुकने शीर ओढायची पद्धत पावलावर मी सहसा सुचवत नाही, कातडीलगतचा मज्जातंतू दुखावून बोटं बधिर राहू शकतात. मलमांनी शीर जात नाही, त्यावर वाद घालायला मला वेळ नाही.

राहिली तुमची बहीण. तिला बरं वाटलं, आनंद आहे, पण एका पावलावरून नियम ठरत नाही. ‘इतकंच’ म्हणून सोडलेले ते डाग बोट फिरवून बघा. सपाट आणि न दुखणारे असतील तर रक्तातलं लोह कातडीत साठलंय, बहुतेकदा सहा महिने ते वर्षभरात फिकं होतं, घासू नका, ब्लीच लावू नका. पण दोरीसारखी कडक, दुखरी रेघ लागली तर शिरेत रक्त अडकलंय. ते बारीक सुईने टोचून काढता येतं, पहिल्या काही आठवड्यांत काढलं तर डागही कमी राहतो. ज्यांनी इंजेक्शनं दिली त्यांनाच ते आधी दाखवा.