मुक्काम पोस्ट बदलापूर

पगार दीडपट होणार आणि कार्यालय मुंबईत फोर्टात असणार, अशा दोन बातम्या मी एकाच दमात घरात सांगितल्या. पहिली बातमी सर्वांना तत्काळ समजली. दुसरीचा अर्थ काय होतो हे सांगलीच्या आमच्या घरात कोणालाच कळले नाही, आणि सर्वांत कमी मला कळले. गावभागातल्या घरापासून जुन्या कार्यालयापर्यंत मी सायकलने सात मिनिटांत पोहोचत असे आणि वाटेत गणपतीच्या देवळासमोर थांबून हात जोडण्याचा वेळही त्या सात मिनिटांतच धरलेला असे. अशा माणसाला प्रवास म्हटले की दशम्यांचा डबा आणि सुट्टी आठवते. रोजच्या रोज प्रवास करून वर पुन्हा काम करायचे असते, ही कल्पना त्याच्या मनाला शिवत नाही.

घर शोधून देणाऱ्या एजंटाने फोनवर माझे बजेट विचारले. मी सांगितलेला आकडा ऐकून तो काही क्षण गप्प राहिला आणि नंतर, मोठ्या माणसाने लहान मुलाचे बोट धरावे तसे माझे बोट धरून, तो मला मध्य रेल्वेच्या नकाशावर एकेक स्थानक मागे नेऊ लागला. मुलुंडला त्या भाड्यात एक खोली आणि मालकाच्या अकरा अटी मिळत होत्या. ठाण्यात अटी कमी होत्या, पण खोलीही कमी होती. डोंबिवलीत दोन खोल्या पसंत पडल्या, तर आईच्या देवघराला पूर्वेची भिंत मिळेना. कल्याण ओलांडल्यावर भाडी एकदम माणसात आली आणि बदलापुरात तर बाल्कनीसकट दोन शयनगृहांचा फ्लॅट आणि खिडकीतून दिसणारे डोंगर, असे सगळे त्या आकड्यात बसले. मुंबईपासून अंतर ६८ किलोमीटर. मी आणखी मागे जाण्याचा विचार करत होतो, परंतु पुढे वांगणी, शेलू आणि मग नेरळ येते, आणि नेरळहून माथेरानची गाडी सुटते. स्वस्त घराचा शोध तसाच चालू ठेवला असता तर मी नोकरीऐवजी हवापालटाला जाऊन पोहोचलो असतो.

जुन्या काळी या वाटेवर घोडे बदलले जात, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, अशी आख्यायिका एजंटाने फ्लॅट दाखवताना सांगितली. मला ती फार आवडली. थकलेले घोडे इथे सोडून ताज्या दमाचे घोडे घ्यायचे, ही सोय आता उरलेली नसून एकच घोडा रोज जातो आणि तोच रोज परत येतो, हे समजायला पुढे आठवडा लागला.

आईने मात्र त्या आख्यायिकेकडे लक्ष दिले नाही. तिने बाल्कनीत उभे राहून उल्हास नदी कुठल्या अंगाला आहे ते विचारून घेतले आणि एजंटाला सरळ प्रश्न केला, "इथं पाणी किती फुटाला येतं हो?" सांगलीचा माणूस नदीविषयी फुटांतच बोलतो. आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आमच्याकडे पाढ्यांच्या आधी पाठ होते, आणि २००५ व २०१९ हे दोन्ही पूर आईने गच्चीवरून पाहिलेले आहेत. "मावशी, आपला चौथा मजला आहे," असे एजंट म्हणाला. "मजला राहू द्या, फूट सांगा," असे आई म्हणाली. त्यातच तिला आठवले की २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती ती बदलापूर आणि वांगणीच्या मध्येच, आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले होते. ती गाडी आमच्याच सांगलीवरून कोल्हापूरला जाते. "म्हणजे पुरातनं निघायचं, पुरात यायचं आणि मधली गाडीसुद्धा पुरातलीच," असा तिने हिशेब मांडला. मग स्वतःच म्हणाली, "घ्या घर. पुराची सवय तरी आहे."

यानंतर करारनाम्याचा सोहळा झाला. भाड्याच्या घराचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या ५५ व्या कलमात म्हटले आहे, आणि त्याची मुदत बहुधा अकरा महिने ठेवतात. एक तरुण लॅपटॉप आणि अंगठा टेकवायचे यंत्र घेऊन घरी आला. मालकांचा अंगठा उमटला, दोन्ही साक्षीदारांचे अंगठे उमटले, माझा उमटेना. त्याआधीचे पाच दिवस मी खोक्यांना सुतळी आवळत होतो आणि त्यात अंगठ्यावरच्या रेषा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. तरुणाने अंगठा पुसायला सांगितला, केसांवरून फिरवायला सांगितला, कपाळावर घासायला सांगितला. मालक संशयाने पाहू लागले. स्वतःच्या नावाचा कागद समोर आहे, स्वतःचा फोटो पडद्यावर आहे आणि आपण आपणच असल्याचे आपल्या अंगठ्याला मान्य नाही, हा प्रसंग अपमानास्पद असतो. नवव्या प्रयत्नाला यंत्राने हिरवा दिवा दाखवला, तोही केवळ कंटाळून दाखवला असावा. एजंटाने एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली तिथल्या तिथे मोजून घेतली. त्याला माझ्या ओळखीबद्दल कधीच शंका नव्हती.

सामानाचा टेम्पो सांगलीहून रात्री निघून पहाटे पाच वाजता सोसायटीच्या फाटकाशी उभा राहिला. सोसायटीच्या नियमाप्रमाणे सामान सकाळी दहाच्या पुढेच चढवता येत होते. त्यामुळे साडेचार तास आमचा संसार रस्त्यावर उघड्यावर मांडलेला राहिला, कारण टेम्पोवाल्याला परतीचे भाडे मिळाले होते आणि त्याने साडेपाचलाच सर्व काही खाली उतरवून टाकले. प्रभातफेरीला निघालेल्या नव्या शेजाऱ्यांना आमचा पहिला परिचय असा फर्निचरसह झाला. मी लोखंडी कपाटाला टेकून उभा होतो आणि आई तुळशीच्या कुंडीशेजारी शाळूच्या पोत्यावर बसली होती. हे पोते आणू नये म्हणून मी महिनाभर वाद घातला होता. मुंबईच्या बाजूला ज्वारी मिळते, असे मी सांगितले. ज्वारी मिळते, शाळू मिळत नाही, असे तिने सांगितले. पोत्याखेरीज पाच किलो हळद, भडंगाचे दोन डबे आणि लोणच्याच्या चार बरण्या होत्या, व या बरण्या टेम्पोवर विश्वास न ठेवता तिने रेल्वेतून मांडीवर आणल्या होत्या.

दहा वाजता चिटणीस आले आणि लिफ्टमधून सामान नेता येणार नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. लिफ्टमध्ये पाटी होती: सहा व्यक्ती, ४०८ किलो. मी भागाकार केला. माणशी ६८ किलो आले. आमचे शाळूचे पोते पन्नास किलोंचे होते, म्हणजे एका व्यक्तीपेक्षाही कमी, हे मी निदर्शनास आणून दिले. चिटणीसांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पोते ही व्यक्ती नाही, असा निर्णय दिला. शेवटी कपाट, पलंग आणि पोते हमालांनी जिन्याने चढवले. पोते फ्लॅटमध्ये ठेवले गेले तेव्हा सर्वांत वयस्कर हमालाने आईला विचारले, "शाळू का, आजी?" तो जतकडचा निघाला. आईने त्याला बसवून चहा दिला, आणि बदलापुरातली आमची पहिली ओळख झाली ती आईची झाली.

सोमवारी मी कामावर रुजू होण्यासाठी सकाळी सव्वासहाला घरातून निघालो. गृहसंकुलाच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून दहा मिनिटे' असे म्हटले होते, मात्र ती दहा मिनिटे कोणत्या वाहनाने आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी, याचा उल्लेख नव्हता. शेअर रिक्षात मागे तीन प्रवासी बसलेले असल्याने मला चालकाच्या शेजारी, अर्ध्या बैठकीवर, एक पाय बाहेर अशा अवस्थेत जागा मिळाली. फलाटावर पोहोचलो तरी मी प्रसन्न होतो. गाडी बदलापूरहूनच सुटणारी, म्हणजे ती रिकामी येणार, असा माझा सरळ सांगलीचा हिशेब होता. गाडी आली ती भरलेली. अंबरनाथ आणि उल्हासनगरची मंडळी मुंबईच्या उलट दिशेने बसून बदलापूरला आलेली होती आणि ती खाली उतरलीच नाही. पेपर उघडून, डोळे मिटून, काही जण तर टाळ काढून स्थिरस्थावर झालेली होती. ज्या गाडीचे पहिले स्थानक आपले आहे त्याच गाडीत आपण उभे राहायचे, हा न्याय मला समजेना. आपणही उलट जाऊन बसून यावे असे मनात आले, परंतु उलट जायला त्या गाडीला बदलापूरच्या पलीकडे स्थानकच नव्हते.

चौथ्या दिवशी मला चौथी सीट मिळाली. तिघांच्या बाकावर चौथ्याने कडेला टेकायचे आणि तोल सांभाळायचा, त्या व्यवस्थेला सीट म्हणतात. मी टेकलो तोच समोर उभ्या असलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहून विचारले, "कुठे?" चार दिवसांत कोणीतरी आपुलकीने केलेली ही पहिली चौकशी होती. मी म्हणालो, "मूळचे आम्ही सांगलीचे. गावभागात घर आहे." ते थोडे थांबले आणि म्हणाले, "उतरणार कुठे?" मी शेवटच्या स्थानकाचे नाव सांगितले. उसने पैसे नाकारणाऱ्या नातेवाइकाकडून वळवावे तसे तोंड त्यांनी वळवले आणि माझ्या शेजारच्याला "कुठे?" असे विचारले. तो "घाटकोपर" म्हणाला. एका शब्दात व्यवहार पुरा झाला. मला लाज वाटली आणि थोडा हेवाही वाटला.

इकडे घरात काय चालले आहे याची बातमी मला रात्री साडेनऊनंतर, जेवताना, हप्त्याहप्त्याने मिळत असे. सांगली सोडताना आठवडाभर रडलेली मुलगी तिसऱ्या आठवड्यात दिवाळीला सांगलीला जाणे 'कम्पल्सरी आहे का', असे विचारू लागली. पत्नीने शिकवण्या सुरू केल्या आणि जागा कमी पडते म्हणून माझी आरामखुर्ची गॅलरीत काढली; मी ती वापरत नाही, हे तिचे म्हणणे खरेच होते. आईने भडंगाचा एक डबा मजल्यामजल्यावर वाटून हरिपाठाच्या मंडळात प्रवेश मिळवला आणि दुसऱ्या डब्यावर त्या मंडळाचे नेतृत्व.

केवळ भाषेचा एक प्रश्न उद्भवला. चौथीतला मुलगा एके दिवशी शाळेतून येऊन म्हणाला, "आज बाई मला बोलल्या." आईने हातातले निवडणे खाली ठेवले. आमच्याकडे कोणी कोणाला 'बोलले' म्हणजे रागावले. नव्या शाळेत, नव्या गावात, आपल्या नातवाला बोलणी बसली, आणि तीही रोज बसतात, कारण त्याच्या प्रत्येक वाक्यात कोणी ना कोणी त्याला बोललेले असे. दुसऱ्या दिवशी आई नऊवारी सावरून थेट वर्गशिक्षिकांकडे गेली. बाईंनी सांगितले, "आजी, मी त्याला काहीच नाही बोलले. उलट मी बोलले की तुझं अक्षर छान आहे." आईला वाक्याचा पहिला भाग पटेना आणि दुसरा कळेना. उलगडा व्हायला अर्धा तास लागला. आता मुलगा घरात 'म्हणाल्या' म्हणतो आणि शाळेत 'बोलल्या' बोलतो. त्याने चिरमुऱ्यांना कुरमुरे म्हटले तेव्हा मात्र आईने क्षमा केली नाही.

दोन महिन्यांनी एका शुक्रवारी कार्यालय दुपारीच सुटले आणि मी सहा वाजता, लख्ख उजेडात, सोसायटीच्या फाटकाशी पोहोचलो. खिडकीतून दिसणारे म्हणून ज्यांचे भाडे मी भरत होतो ते डोंगर मला पहिल्यांदाच बाहेरून नीट दिसले. तेवढ्यात रखवालदाराने हात आडवा केला. दिवसपाळीच्या या माणसाने मला कधी पाहिलेले नव्हते.

"कोणाकडे जायचंय?"

मी चौथ्या मजल्याकडे बोट दाखवून मी तिथेच राहतो, असे म्हणालो. त्याने मला खालून वर न्याहाळले. "तिथं तर सांगलीच्या आजी राहतात," असे तो म्हणाला आणि त्याने इंटरकॉम लावला. फोन मुलाने घेतला. खाली तुमचे बाबा आले आहेत असे म्हणत आहेत, हे रखवालदाराने त्याला सांगितले. पलीकडचे उत्तर मला स्पष्ट ऐकू आले.

"नाही काका, आमचे बाबा साडेनऊला येतात. दुसरे कोणीतरी असतील."

रखवालदाराने फोन ठेवून नोंदवही पुढे सरकवली. नावाच्या रकान्यात मी नाव लिहिले. 'कुठून आलात' या रकान्यापाशी सांगली लिहावे की फोर्ट, यात थोडा वेळ गेला. 'कोणाकडे' या रकान्यात, वाद वाढू नये म्हणून, आईचे नाव घातले. 'भेटीचे कारण' या रकान्यात बराच विचार करून 'मुक्काम' असे लिहिले. रखवालदाराने ते बोट ठेवून वाचले.

"किती दिवस?" त्याने विचारले.

करारनामा आठवून मी अकरा महिने असे सांगितले आणि सही केली.