दोन पांढऱ्या वायरी

डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तो सायन सर्कलला. गाडी २००६ सालची. या वयात माणसालाही एखादी गोळी कायमची लागू होते, अशी मनाची समजूत घालून मी दिव्यावर गणपतीचं स्टिकर लावलं. पण ॲव्हरेज १४ वरून ११ वर आलं, तेव्हा मात्र मिस्त्रीकडे जावंच लागलं.

त्याने स्कॅनर लावला आणि डॉक्टरच्या चेहऱ्याने म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गेला."

म्हणजे इंजिनाच्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते मोजणारा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ३,४०० रुपये मोजून नवा आणला, बसवला. तीन दिवसांनी गणपतीमागून पुन्हा पिवळा प्रकाश.

"हापण गेला," मिस्त्री म्हणाला. "आजकाल मालच तसा येतो."

घरी येऊन स्कॅनरवरचा कोड नीट वाचला. पी०१३५. अर्थ, हीटर सर्किटमध्ये बिघाड. हा सेन्सर ३०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून त्याच्या पोटातच हीटर असतो. डिसेंबरातही पंखा पाचवर लावणाऱ्या मुंबईत हीटरवाचून अडलेला हा एकटाच जीव! आणि तक्रार सर्किटची होती. सेन्सर मेल्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

लॅमिंग्टन रोडवरून वायरी तपासायचा मल्टिमीटर आणला आणि रविवारी बॉनेट उघडलं. मुंबईत उघडं बॉनेट म्हणजे आमंत्रणपत्रिका. तळमजल्यावरचे काका छत्री घेऊनच आले. "कार्बन साफ कर आधी," ते म्हणाले. काकांचा कार्बनवर फार जुना राग आहे.

सेन्सरला चार वायरी. काळी सिग्नलची, राखाडी अर्थिंगची आणि हीटरच्या दोन. त्या दोन्ही पांढऱ्या! जुळ्या भावांना एकाच रंगाचे शर्ट घालणाऱ्या आईबापांनीच हे डिझाइन केलं असावं. सुदैवाने हीटरला उलटसुलट काही फरक पडत नाही. कनेक्टर काढून सेन्सरकडच्या दोन पांढऱ्यांमध्ये मीटर लावला, तर ६ ओहम. हीटर ठणठणीत! मग काढून टाकलेला जुना सेन्सर मोजला. तोही ६. म्हणजे जिवंत माणसाला आम्ही स्मशानात पोचवलं होतं.

आता इंजिन चालू करून गाडीकडच्या टोकावर मीटर लावला. तिथे बॅटरीचे १२ व्होल्ट यायला हवेत. आलं शून्य. फ्यूज शाबूत.

"कार्बन," काका पुटपुटले.

टॉर्च घेऊन वायरीचा माग काढत निघालो. हात कोपरापर्यंत आत, गाल बॅटरीला टेकलेला, आणि वरून सौ. गॅलरीतून, "अहो, पोळ्या लाटू की थांबू?" बॅटरीच्या मागे, अंधारात, वायर अर्धा इंच गायब होती. दोन्ही टोकांवर दातांच्या खुणा. शेजारी बॉनेटचाच फोम कुरतडून केलेला छान गुबगुबीत बिछाना. घूस! मी ज्या गाडीचा हप्ता फेडला, तिच्यात ही बिनभाड्याची राहत होती.

वायर जोडली, सोल्डर केली, स्लीव्ह चढवली, कोड पुसला. दिवा गेला. जुना सेन्सर आता शोकेसमध्ये आहे. पाहुण्यांना "हे काय?" असं विचारायची बंदी आहे.

घूस परत येऊ नये म्हणून मिस्त्रीने उपाय सांगितला : बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवायची. ठेवली. इंजिन तापलं की गाडीभर असा वास सुटतो की परवा सिग्नलला हवालदार खिडकीशी वाकला, दोनदा हुंगलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, चुना आहे का?"