खुलासा : गोळ्या स्वस्त झाल्या, उपचार नव्हे

'एचआयव्हीची औषधं आता कवडीमोलाने मिळतात, मग आफ्रिकी देशांना मदत कशाला?' असा संदेश फिरतो आहे. पहिला भाग बराचसा खरा आहे. २००० च्या सुमारास एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना १०,००० डॉलरहून अधिक लागत. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. आज डोलुटेग्राविर हे एचआयव्हीवरचं औषध असलेली गोळी वर्षाला ४५ डॉलरच्या आत मिळते.

पण ती रोज, जन्मभर घ्यावी लागते. विशीत उपचार सुरू केलेली बाई सत्तरी गाठू शकते, म्हणजे पन्नास वर्षांचा अखंड पुरवठा. शिवाय रक्तातल्या विषाणूंची मोजणी, प्रयोगशाळा, परिचारिका, क्षयरोगाची तपासणी, आडगावापर्यंतची वाहतूक. रुग्ण जगतात म्हणून उपचार घेणारे वाढतात. हा खर्च वाढतो तो यशामुळे, हे आवर्जून सांगायला हवं.

दक्षिण आफ्रिका ५० लाखांहून अधिक जणांच्या उपचारांचा बहुतेक भार स्वतः उचलते. मलावी, मोझांबिकला तो झेपत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा ठिकठिकाणी समुपदेशक आणि आरोग्यसेवकांना घरी बसावं लागलं.